कॅन्टीनमधल्या चित्राची पाटी

६ जानेवारी

चित्र आज आलं. धक्क्यावरचं जुनं कॅन्टीन पाडायचं ठरलंय, तिथल्या भिंतीवरून काढून दोघांनी जुन्या चादरीत गुंडाळून आणलं. कॅन्टीन चालवणाऱ्या बाईंनी ते स्वतः काढलेलं. चित्रकलेचं शिक्षण शून्य. फळीवर काढलंय, तेही होड्या रंगवून उरलेल्या रंगांनी. बाई चार वर्षांपूर्वी गेल्या. त्यांच्या लेकीने ते आमच्या संग्रहालयाला देऊन टाकलं.

संचालक म्हणाले, "दहा फेब्रुवारीला हे दालन उघडायचं. पाटी तुम्ही लिहा. दीडशे शब्द. माणसाला चित्र वाचता आलं पाहिजे."

मी "हो" म्हणून बसले आणि तेव्हापासून पस्तावतेय. मागच्या पाटीवर मी सुकाणूला वल्हं लिहिलं होतं. दर्यावर्दी लोकांच्या गावात! दोन आठवडे येणारा जाणारा हसत होता. माझी नेमणूक मार्चपर्यंतच आहे, आणि पुन्हा असं झालं तर पुढची विसराच.

९ जानेवारी

चित्राचा खालचा निम्मा भाग साफ झाला. साफ करायला राजधानीतून एक बाई आल्यात. पांढरा अंगरखा, कपाळावर दिवा, काडीला कापूस लावून इंचाइंचाने पुसतात. आम्ही त्यांना डॉक्टरीणबाई म्हणायला लागलोय. त्यांना ते आवडतं असं वाटतं, कारण "पेशंट आज बरा आहे" असं त्या स्वतःच म्हणतात.

केवढं गोड चित्र आहे! समुद्र म्हणजे वहीच्या रेघांसारख्या सरळ निळ्या रेघा. मासा माणसाएवढा. कॅन्टीनची किटली कॅन्टीनच्या दारापेक्षा मोठी. बर्फाची गाडी, दोरीवर वाळणारे कपडे, जाळी दुरुस्त करणारे लोक, टेबलाखाली पाच पायांचं कुत्रं (पाचवा पाय ही शेपटी आहे हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं). डावीकडे एक होडी निघालीये, तिच्यात सात जण, सगळे हात वर करून. सगळ्यांना एकच नाक.

मी मोजली, चित्रात बेचाळीस माणसं आहेत. एकेचाळीस जणांची तोंडं आपल्याकडे. एक मात्र पाठमोरा. उजवीकडच्या घराच्या खिडकीतून आतली खोली दिसते, तिथे लाल पांघरुणात एक बाई झोपलीये, शेजारी तान्हं मूल, आणि पलंगाशी हा पिवळ्या पट्ट्याची टोपी घातलेला पाठमोरा माणूस. बाईंना चेहरा काढायचा कंटाळा आला असावा.

१३ जानेवारी

जेवताना बाबांना चित्राबद्दल सांगितलं. लग्नाला सहा वर्षं झाली, पण सासऱ्यांशी बोलायला विषय सापडणं अजून कठीण जातं. सासूबाई होत्या तोवर त्याच दोघांच्या वाटचं बोलायच्या. हा, म्हणजे माझा नवरा, जहाजावर, इंजिनघरात, आठ-आठ महिने. रविवारी फोन येतो तेवढंच. बाकी घरात मी, बाबा आणि रेडिओ.

पण आज बाबांनी घास खाली ठेवला आणि विचारलं, "वरच्या भागात काय आहे?"

"काजळी. खाली चूल होती ना. अजून पुसलेली नाही."

"पुसणार आहेत?"

"हो, महिनाअखेरपर्यंत."

त्यांना चित्रात रस वाटतोय हे पाहून बरं वाटलं. आता रोज काहीतरी सांगत जाईन.

१७ जानेवारी

चित्राच्या मागे पेन्सिलीने तारीख सापडली, २१ नोव्हेंबर. वर्ष पाहिलं तर गंमतच! हा जन्मला तोच दिवस. बाबांना सांगितलं. ते उठले आणि धुतलेली ताटली परत धुवायला लागले.

ह्याचा वाढदिवस आमच्या घरी कधी करत नाहीत. मी पहिल्या वर्षी केक आणला होता, तेव्हा सासूबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "ह्यांना नाही आवडत. आपण दोघी खाऊ." असतात काही लोकांचे स्वभाव.

२१ जानेवारी

पहिला मसुदा झाला. "कोणतंही शिक्षण न घेतलेल्या हाताने टिपलेला धक्क्यावरचा एक निरागस, आनंदी दिवस. इथे कुणी मोठं नाही, कुणी लहान नाही. घरातल्या नव्या बाळापासून समुद्रावर निघालेल्या नाविकांपर्यंत सारं गाव एका फळीवर नांदतं आहे." संचालकांना फार आवडला. नांदतं हा शब्द त्यांनी दोनदा म्हणून पाहिला.

डॉक्टरीणबाईंनी वाचला आणि परत दिला. "आनंदी कशावरून?"

"हात वर केलेत सगळ्यांनी होडीत."

"हं," म्हणाल्या आणि कापूस बदलला. त्या हंमुळे मी दिवसभर अस्वस्थ आहे.

बाबांची झोप उडालीये. पहाटे पाचला उठून खिडकीशी बसतात. रक्तदाब असेल म्हणून आज डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब माझ्यापेक्षा चांगला आहे.

२७ जानेवारी

आज काय झालं ते क्रमाने लिहिते.

दुपारी उजवा वरचा कोपरा साफ झाला. त्या खिडकीवाल्या घराच्या मागे एक उंच खांब निघाला, आणि खांबावर दोन काळे त्रिकोण. मला वाटलं पक्षी. पाटीत "उडणारे पक्षी" घालायचं मी ठरवतही होते.

तेवढ्यात जाळीवाला आला. हा सत्तरीचा म्हातारा, दालनात टांगायला जुनी जाळी देणार होता. चित्रापाशी आला आणि हातातली जाळी तशीच खाली सोडली.

"बावटा वर आहे," म्हणाला.

मी विचारलं, कसला बावटा. तेव्हा त्याने सांगितलं. पूर्वी बंदरावर वादळाची तार आली की खांबाखालच्या चौकीतला माणूस खांबावर काळे बावटे चढवायचा, ते दिसले की कुणी होडी सोडायचं नाही. चौतीस वर्षांपूर्वी एका सकाळी सात जणांची होडी गेली आणि परत आली नाही. त्यात त्याचा थोरला भाऊ होता. कॅन्टीनवाल्या बाईंचा नवराही होता. बावट्यावरचा माणूस चौकशीत म्हणाला, मी बावटा चढवला होता, वाऱ्याने फाटून गेला. पुरावा काहीच नव्हता, त्यामुळे सुटला. पण गावाने त्याचं ऐकलं नाही.

"चौतीस वर्षं मी त्या माणसाशी बोललो नाही," जाळीवाला म्हणाला. "आणि ही बाई, जिचा नवरा गेला, तिने बावटा वर काढून ठेवलाय. तिला काय खोटं काढायचं कारण?"

"तो माणूस आहे अजून?" मी विचारलं.

त्याने माझ्याकडे असं बघितलं की मला आधी वाटलं मी पुन्हा वल्ह्यासारखं काहीतरी बोलले.

"तुम्हाला घरात कुणी सांगितलं नाही? तुमचे सासरेच ते."

२८ जानेवारी

आता सगळ्याचा अर्थ लागतोय. बाबा धक्क्यावर का जात नाहीत, सासूबाईंच्या शेवटच्या दिवशी चारच माणसं का आली, लग्नात ह्याच्याकडच्या खुर्च्या रिकाम्या का होत्या. एवढी वर्षं एक निर्दोष माणूस मान खाली घालून जगला!

सकाळीच बाबांना सांगितलं. मला वाटलं होतं ते रडतील, किंवा निदान बसतील. त्यांनी एवढंच विचारलं, "कुणी काढला म्हणतेस?"

"कॅन्टीनवाल्या बाईंनीच. त्यांना दिसला होता म्हणूनच ना."

ते खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. भरून आलं असणार. इतक्या वर्षांचं साचलेलं एकदम बाहेर कसं येईल. मी हाक मारली नाही.

नवी पाटी तासाभरात लिहून झाली. "हे चित्र नाही, साक्ष आहे" अशी सुरुवात. संचालकांनी वाचून लगेच वर्तमानपत्राला फोन लावला.

३० जानेवारी

छापून आलं. मोठा मथळा, चित्राचा फोटो, खांबाभोवती लाल गोल. पाववाल्याने बाबांना रांगेतून पुढे बोलावलं, हात हातात घेतला, म्हणाला, "आमचं चुकलं." शेजारच्या बाईंनी मला सांगितलं. बाबा मात्र पाव न घेताच घरी आले आणि दिवसभर जेवले नाहीत.

मी म्हटलं, "बाबा, आता तरी ताठ मानेने हिंडा."

ते म्हणाले, "तू फार घाई केलीस गं." रागावून नाही. एखाद्याला लागलं का विचारावं तसं. मला कळेना, माझं नेमकं चुकलं काय.

३१ जानेवारी

डॉक्टरीणबाईंनी मला दुपारी बोलावलं, दार लोटून घेतलं आणि भिंग हातात दिलं.

"ह्या काळ्या रंगाच्या कडेला बघा. खाली काय दिसतं?"

"तपकिरी काहीतरी."

"काजळी आहे ती. चुलीची. आकाशावर काजळी बसली, आणि काजळीवर हे त्रिकोण काढलेत. खांब मूळचा आहे. बावटे नंतरचे. भिंतीवर टांगल्यावर दहा-बारा वर्षांनी, कदाचित जास्त."

मी म्हटलं, आठवून नंतर भर घातली असेल. त्या म्हणाल्या, असेल. मी फक्त रंग सांगते, माणसांचं तुम्ही बघा.

मी बघितलं. मग कितीतरी वेळ नुसतीच बघत बसले. खिडकीतला पाठमोरा माणूस, पिवळ्या पट्ट्याची चौकीवाल्याची टोपी. धक्क्यावर तशी टोपी दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर नाही. खांबाखालच्या चौकीचं दार बंद आहे, कुलूपसुद्धा काढलंय बाईंनी, बोराएवढं. लाल पांघरूण. तान्हं मूल. आणि मागे पेन्सिलीने लिहिलेली तारीख, जिला मी गंमत म्हटलं होतं.

बेचाळीस माणसं मोजली मी. नुसती मोजली.

१ फेब्रुवारी

विचारायचं धाडस मला झालं नसतं. सकाळी मी चहा ओतत होते, बाबा आपणहून स्वयंपाकघरात आले आणि उभ्याउभ्याच बोलले.

"मी बावटा चढवला नव्हता."

मी किटली खाली ठेवली.

"तार पाचला आली. चौकीत मी एकटाच. तेवढ्यात शेजारीण धावत आली, म्हणाली, मूल अडलंय, बायको हाका मारतेय तुला. घर दोनशे पावलांवर. मी म्हटलं, बघून येतो, मग चढवतो. वारासुद्धा नव्हता तेव्हा. साडेपाचला होडी सुटली. पावणेसहाला मूल झालं. मी त्याला हातात घेतलं होतं, आणि खिडकी वाजायला लागली."

पुढे म्हणाले, "चौकशीत खोटं बोललो. घरात चार दिवसांचं मूल होतं. तुझ्या सासूला ठाऊक होतं, तिने कधी एका शब्दाने बोलून दाखवलं नाही. लोक बोलत नव्हते ते मला चालत होतं. तेवढं तरी बरोबर होतं. आता ते हात हातात घेतात, आणि हे मला सोसत नाही."

मी काय बोलले ते आठवत नाही. बहुतेक "चहा घ्या" म्हणाले.

३ फेब्रुवारी

कॅन्टीनवाल्या बाईंच्या लेकीकडे गेले. ती गावाच्या दुसऱ्या टोकाला शिवणकाम करते. मापाची फीत गळ्यात, तोंडात टाचण्या. वर्तमानपत्र मशीनवरच पडलं होतं.

मी सरळ विचारलं, "बावटे तुमच्या आईने नंतर काढले ना?"

तिने टाचण्या एकेक करून उशीत खोचल्या. "मी पंधरा वर्षांची होते. एका दुपारी स्टूल घेऊन चढली, काळा डबा हातात. मी म्हटलं, आई, हे खोटं आहे. तुला माहीत आहे ना, तो चौकीत नव्हता. तूच तर खिडकीतून त्याला घरात बघितलं होतंस."

"मग?"

"म्हणाली, माहीत आहे. रोज दारावरून हा माणूस तोंड फिरवून जातो, नाहीतर पलीकडच्या गल्लीने वळसा घालून जातो, हे बघून बघून मी दमले. तुझे बाबा काही येत नाहीत परत. निदान भिंतीवर तरी बावटा वर असू दे. कधी चहाला आत आला तर बघेल."

"ते आले?"

"एकदाही नाही. काजळीत काळा बावटा दुसऱ्या कुणाला दिसलाही नाही. आईने वाट बघितली."

मी निघताना तिने हाताला धरून थांबवलं. "पाटीवर काय लिहाल ते लिहा. पण माझी आई भोळी होती असं लिहू नका. सगळे तेच लिहितात."

घरी येऊन बाबांना शब्दन् शब्द सांगितला. ते पलंगाच्या कडेवर बसून होते. "वाट बघितली म्हणाली?" एवढं दोनदा विचारलं.

५ फेब्रुवारी

रविवार. ह्याचा फोन आला. बाबा म्हणाले, मी बोलतो, तू बाहेर थांब. मी अंगणात कपडे वाळत घातले, मग वाळत घातलेले काढून पुन्हा घातले. वीस मिनिटं झाली.

मग बाबांनी मला हाक मारून फोन दिला. ह्याचा आवाज ओळखू येईना. "माझ्या जन्मापायी," म्हणाला, आणि पुढे इंजिनचीच घरघर ऐकू येत राहिली. मी म्हटलं, असं काही मनात आणू नकोस. किती पोकळ वाटलं ते बोलताना. शेवटी म्हणाला, "बाबांना एकटं सोडू नकोस." त्याला तिथे कोण आहे? पंधरा दिवसांनी पुढचं बंदर.

७ फेब्रुवारी

संचालकांशी भांडले. आयुष्यात पहिल्यांदा वरिष्ठाशी भांडले आणि तेही रडत.

ते म्हणाले, "अशा चित्रांत एकच माणूस दोन ठिकाणी काढतात. घरातही असेल, चौकीतही गेला असेल."

"टोपी एकच आहे."

"अहो, सगळं छापून आलंय. लोक हाच बावटा बघायला येणार आहेत. आता तो खोटा म्हणून सांगायचं?"

"खोटा नाही. नंतरचा आहे."

"आणि तुमच्या सासऱ्यांचं काय?"

"त्यांनीच सांगितलंय लिहायला."

ते बराच वेळ पेनाचं टोपण उघडझाप करत होते. मग म्हणाले, जबाबदारी तुमची. म्हणजे मार्चनंतर मी घरी. ठीक आहे. ठीक नाही, पण आता मागे कसं फिरणार.

पाटी अशी झाली: "होडी सुटली त्या सकाळी बावटा वर नव्हता. बावट्यावरचा माणूस खिडकीत, आपल्या बाळंतीण बायकोपाशी आहे. होडीतले सात जण परत आले नाहीत. चित्रकर्तीचा नवरा त्यांत होता. तिने हे सगळं पाहिलं आणि काढलं. पुष्कळ वर्षांनी तिने चित्रात बावटा काढला. का काढला, हे तिला ठाऊक होतं."

दीडशे शब्द काही झाले नाहीत. रात्री बसून चारदा बदलली, शेवटी पुन्हा होती तशी केली.

१० फेब्रुवारी

माणसं इतकी आली की दालनाची दोन्ही दारं उघडावी लागली. बाबा कोट घालून माझ्याबरोबर आले. मी त्यांना मागच्या खोलीत बसायला सांगितलं होतं. ते ऐकायचे नव्हतेच. थेट चित्रासमोर जाऊन उभे राहिले. पहिल्यांदा बघत होते.

लोक पाटी वाचत होते आणि वाचून झालं की आधी बाबांकडे आणि मग जमिनीकडे बघत होते. पाववाला वाचून मागे सरकला. एक बाई मोठ्याने म्हणाली, "म्हणजे खोटंच ना शेवटी?" मी हिशेब करत होते की बाबांना घेऊन मागच्या दाराने निघायला किती पावलं लागतील.

जाळीवाला पुढे होता. त्याने दोनदा वाचलं, बोट फिरवत. मग बाबांसमोर येऊन उभा राहिला. दोघांत हातभर अंतर.

"वारा नव्हता म्हणून गेलास?"

"बायको हाका मारत होती म्हणून गेलो," बाबा म्हणाले. "वारा नव्हता हे मी स्वतःला सांगितलं."

जाळीवाला निघून गेला. गर्दीने त्याला वाट दिली. मला वाटलं संपलं सगळं, आणि हे मी केलं.

तेव्हा शिवणकाम करणारी ती लेक खुर्ची घेऊन आली, बाबांच्या मागे ठेवली. बाबा बसले नाहीत. त्यांनी होडीकडे बोट केलं आणि पहिल्या माणसाचं नाव घेतलं. म्हणाले, हा शीळ घालायचा, त्याच्या शिळेवर कुत्रं होडीत उडी मारायचं. मग दुसऱ्याचं. लेकीचे वडील चौथे होते, त्यांचं नाव घेताना ते तिच्याकडे वळले आणि थांबले, ती म्हणाली, "सांगा." सातही सांगितले. जाळीवाल्याचा भाऊ शेवटचा. मग धक्क्यावरची माणसं, बर्फवाली, किटली धरलेली पोरगी, एकेक. गर्दी पांगेना. मी पाटीच्या मसुद्याच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने नावं उतरवत होते. इथे पुन्हा लिहीत नाही.

घरी आल्यावर दाराचं कुलूप बाबांनीच काढलं.

११ फेब्रुवारी

सकाळपासून धास्ती. संचालकांकडे तीन पत्रं आलीत, दोन पाटी काढा म्हणणारी, एक नुसतं शिव्यांचं. डॉक्टरीणबाई सामान बांधून गेल्या. जाताना म्हणाल्या, "पेशंट तुमच्यावर सोपवला."

तीनला जाळीवाला आला. दालनात दुसरं कुणी नव्हतं. चित्राकडे न बघता माझ्या टेबलाशी आला.

"तो येणार आहे का आज?"

आवाजावरून काही समजत नव्हतं, चेहऱ्यावरून तर नाहीच. नाही म्हणून सांगावं आणि बाबांना घरीच थांबवावं असं मनात आलं. शेवटी खरं सांगितलं, "चारला येतो म्हणालेत."

तो बाकावर बसला. तासभर तसाच, हात गुडघ्यांवर. मी दोनदा पाणी विचारलं, दोनदा नको म्हणाला.

बाबा चारला आले. दारात त्यांना तो दिसला. मी उठून उभी राहिले, माझी खुर्ची मागे पडली. बाबा आत आले आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. मग जाळीवाल्याने चित्राकडे हात केला आणि काहीतरी विचारलं. बाबांनी उत्तर दिलं. पुन्हा विचारलं. पुन्हा उत्तर. एकदा जाळीवाल्याचा आवाज एवढा चढला की मी टेबलाच्या बाहेर आले. बाबांनी मान हलवली, ऐकून घेतलं, आणि आवाज पुन्हा खाली आला. शब्द मला ऐकू येत नव्हते. मी ऐकायचा प्रयत्नही थांबवला.

पाच वाजले. संग्रहालय पाचला बंद होतं. मी किल्ल्या हातात घेऊन दाराशी उभी राहिले, मग बाहेरून दार नुसतं लोटलं आणि दिवे चालू ठेवून पायरीवर बसले.